पोटात रंग घेतलेली काच

या रविवारी मॉल नको असेल, तर भिवंडीहून ठाणं किंवा कल्याण गाठा, फास्ट लोकल पकडून सीएसएमटीला उतरा आणि बसने थेट कुलाब्याचं अफगाण चर्च. 1858 मध्ये सुरू झालेलं हे चर्च म्हणजे पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्या सैनिकांचं स्मारक. पण आत शिरल्यावर नजर आधी जाते ती खिडक्यांकडे. ऊन असेल तर लाल, निळ्या काचा नुसत्या पेटलेल्या दिसतात! हे काम न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सचं. हा गृहस्थ आधी किराणा आणि चहाचा व्यापारी. काचेचा नाद लागला आणि धंदाच बदलला.

काच वरून रंगवली असेल, असं वाटतं ना? भिवंडीच्या मागावरून कापड बहुतेक कोरंच उतरतं, रंग नंतर चढतो. इथे कारभार उलटा. काच वितळतानाच तिच्यात धातूंची संयुगं मिसळायची. निळ्यासाठी कोबाल्ट, लालसाठी तांबं. तांब्याची लाल काच इतकी गडद, की जाड ठेवली तर काळीच दिसेल. म्हणून साध्या काचेवर तिचा पातळ थर.

मग पूर्ण मापाच्या चित्रावर ठेवून तुकडे कापायचे. चेहरे आणि कपड्यांच्या चुण्या रंगवायला धातूची भुकटी आणि काचेची पूड. भट्टीत भाजली की कायमची चिकटते. पिवळ्या छटेसाठी चांदीचं संयुग लावून भाजायचं. शेवटी शिशाच्या खोबणीदार पट्ट्यांत तुकडे बसवून सांधे डाखायचे, फटी लुकणाने बुजवायच्या. चित्रातल्या त्या काळ्या रेघा म्हणजे खिडकीचा सांगाडाच!

निघण्याआधी स्मारकाचा लेख जरूर वाचा. अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. साधे शिपाई इतके, की त्यांची नावं देणं शक्य नाही, असं तिथेच म्हटलंय. काचेचंही तेच. नाव उरलं वेल्सचं, तुकडे कापणाऱ्या आणि भट्टीपाशी घाम गाळणाऱ्या हातांचं नाही. आणि तुमच्या अंगातल्या शर्टाचं कापड विणणाऱ्या भिवंडीकराचं नाव तरी कुठल्या लेबलवर असतं?

कधी जाल : सकाळी, ऊन असताना. पावसाळी दिवस टाळा. प्रार्थना चालू असेल तर संपू द्या, आणि फोटोआधी विचारा.