दोन गुंठ्यांची की चार गुंठ्यांची?

माझ्याकडे एक स्कूटर आहे. सुरू करण्यापूर्वी ती डावीकडे थोडी कलवावी लागते. वाहनांविषयी माझे ज्ञान एवढेच. तरीसुद्धा आमच्या मेहुण्याने, म्हणजे दिलीपने, मोटार घ्यायचे ठरवले तेव्हा पहिला फोन मलाच केला. कारण मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. बँकेत बसणाऱ्या माणसाला पैशातले कळते, अशी आमच्या सासुरवाडीची ठाम समजूत आहे. ज्याला पैशातले कळते तो बँकेत कारकुनी कशाला करील, हा विचार तिथे कोणी केलेला नाही. मीही तो कोणाला सुचवलेला नाही.

"दाजी, फॉर्च्युनर घ्यायचीय. सेकंडहँड. जुन्या मॉडेलची घ्यावी का नव्या?"

"अरे, सेकंडहँड म्हटल्यावर दोन्ही जुन्याच की!"

"तसं नाय वो. जुन्यातली जुनी, का जुन्यातली नवी?"

इथे थोडा खुलासा करायला हवा. सासुरवाडी पुण्यापासून तासाभरावर आहे. पुण्याभोवतीच्या रिंग रोडमध्ये आमच्या सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे, काही रान गेले. मोबदला आला, तो माझ्याच शाखेत मुदत ठेवीत ठेवला गेला. त्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला होता. बावीस वर्षांच्या नोकरीत केबिनमधला तो पहिला चहा. आता ती ठेव मोडून मोटार येणार म्हणजे चहाचे काय होणार, हे मला दिसत होते. आणि आमच्या त्या भागात फॉर्च्युनर ही नुसती मोटार नाही, ती पदवी आहे. ज्याच्या दारात ती उभी, त्याला लग्नात व्यासपीठावर बोलावतात.

मी अभ्यासाला लागलो. ऑगस्ट २००९ मध्ये ही मोटार भारतात आली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये तिची दुसरी पिढी आली. पहिलीचे डिझेल इंजिन तीन लिटरचे, दुसरीचे २.८ लिटरचे, म्हणजे इंजिन लहान झाले आणि ताकद मात्र थोडी वाढली. बँकेत संगणक आल्यावर कारकून कमी झाले आणि काम वाढले, त्यातलाच हा प्रकार. लांबी नऊ सेंटिमीटरने वाढली. टाकी ८० लिटरची.

"टाकी मोठी, हे बरंच ना?" दिलीप म्हणाला.

"उत्तम! फक्त भरायची कोणी, तेवढं ठरवा."

पाहिलेल्या दोन मोटारींपैकी एक २०१२ ची, किंमत बारा लाख. दुसरी २०१८ ची, चोवीस लाख. मी कॉलेजात शिकलेला घसारा बाहेर काढला. घटत्या शिल्लक पद्धतीने दरवर्षी पंधरा टक्के कापत गेले, तरी वस्तूची किंमत कधीही शून्य होत नाही, हे त्या पद्धतीचे मोठेपण. मी ते दिलीपला कागदावर मांडून दाखवले. त्याने एवढाच अर्थ घेतला की मोटार कधीच फुकट जात नाही.

मग मी जुनीची नोंदणी पाहिली. पंधरा वर्षांच्या हिशेबाने ती २०२७ पर्यंतच होती. पुढे तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. "म्हणजे रिटायर होऊन एक्स्टेन्शनवर," असे मी समजावले. ते त्याला पटकन समजले.

बाजारात आम्ही एक मिस्त्री बरोबर नेला. तो जुन्या गाडीखाली आडवा झाला, वर आला आणि हात पुसत म्हणाला, "हिच्यात टायमिंगचा पट्टा आहे. दीड लाख किलोमीटरला बदलायचा. चालता चालता तुटला तर इंजिन खोलावं लागतं. नवीत चेन आहे, ती कटकट नाही."

"मग हिचा बदललाय का?"

"मालक म्हणतो बदललाय. बिल हरवलंय म्हणतो."

बँकेतल्या माणसाला हे वाक्य चांगले ओळखीचे. व्हाउचर हरवले म्हणजे व्यवहार झालाच नाही. शिवाय मीटर नव्वद हजार दाखवत होता आणि क्लचच्या पेडलचे रबर झिजून आरशासारखे झाले होते. मिस्त्रीने ते बोटाने दाखवले, बोलला काही नाही.

मी नवीच्या बाजूला झुकलो. तेवढ्यात आबा आले. त्यांना बरोबर आणलेच होते, पण ते इतका वेळ फाटकाशी बसून होते.

"केवड्याला?"

"ही बारा लाख, ती चोवीस."

आबांना गुंठ्यामागे सहा लाख मिळाले होते. ते क्षणभर पुटपुटले. "म्हंजी ही दोन गुंठं आन् ती चार."

वातावरण हलके करावे म्हणून मी माझे गणित पुढे केले. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. मोटारीला जागा लागते शहाण्णव चौरस फूट. "आबा, एका गुंठ्यात अशा अकरा उभ्या राहतील."

"ऱ्हातील की," आबा म्हणाले. "पन जावईबापू, हिच्यात चार गुंठं कुटं बसलं, ते दावा."

मी दरवाजा उघडून आत पाहिले. का पाहिले, देव जाणे! मागच्या दोन सीटा दुमडून कडेला टांगलेल्या होत्या, एवढेच दिसले.

"हिरीकडलं चार गुंठं," आबा स्वतःशीच म्हणाले. "मेथी चांगली यायची."

दिलीप टायरकडे बघत राहिला. नंतर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "दाजी, रान मी इकलं का? रस्त्यानं नेलं. गाडी नाय घेतली, तर त्ये परत येनार हाय का?"

याला कॉमर्समध्ये उत्तर नाही. मी मिस्त्रीला पट्ट्याचा खर्च विचारू लागलो.

शेवटी जुनी घेतली. पट्टा बदलून घेतला. बारा लाख ठेवीत राहिले, साहेबांचा चहाही राहिला. केबिनमधला नव्हे, टेबलावरचा. दसऱ्याला सासुरवाडीला गेलो तर दारात नवी फॉर्च्युनर! मी हबकलो. जवळ जाऊन पाहतो तो मोटार आपलीच, तोंड तेवढे नव्या मॉडेलचे. पुढची जाळी नवी, दिवे नवे, बंपर नवा. एका गॅरेजवाल्याने बसवून दिले होते.

"वळखू येतीय का सांगा!" दिलीपचा चेहरा उजळला होता. "जुनीच्या भावात नवी!"

"किती घेतले?" ओसरीवरून आबा.

"दोन लाख."

आबांनी डोळे मिटून हिशेब केला. "म्हंजी आपल्या गोठ्याची जागा."

कोणी काही बोलेना. सासूबाईंनी पाट आणून मोटारीच्या दाराशी ठेवला, कारण गुडघ्यांमुळे आबांना त्या उंचीवर चढता येत नाही. दिलीपने हात दिला. आबा पाटावर चढले, मग पायरीवर, मग सीटवर टेकले आणि टोपी सारखी करत म्हणाले,

"चल. गोठ्यातनं फिरवून आन."