विश्वस्त

चिकुनगुन्यानं सांधे धरले, तेव्हापासून वाचनालयाच्या सभेला जाणं झालेलं नाही. सचिव इतिवृत्ताची वही सहीसाठी घरी पाठवतात. रेघ दिसते, बोटं वळत नाहीत. त्यात दुखण्याचा भाग किती, कुणास ठाऊक.

आमच्या सोलापुरात विश्वस्तपद म्हणजे शाल, नारळ, पत्रिकेत नाव. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याला शालीशी देणंघेणं नाही. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, दरवर्षी हिशेब तपासणी. जागा विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी.

पडल्या पडल्या गड्ड्याची यात्रा डोळ्यांपुढे येते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांचे 7 नंदीध्वज 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. उंचच उंच काठी पेलतो एकच जण, पण भोवतीच्यांची नजर वर खिळलेली असते. तो दमला की काठी घेणारा शेजारीच चालत असतो.

आमच्या मंडळात असा शेजारी कोण? सगळे साठीपलीकडचे. सभासदांतल्या एका तरुण शिक्षिकेनं दिवाळीआधीच्या सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारला, तेव्हा दोघे रागावले. मला मात्र बरं वाटलं होतं. राजीनामा तिला विचारून लिहावा की आधीच, ठरत नाही.