दुसऱ्यांदा सांगताना

एकच प्रसंग पडद्यावर दोनदा दाखवायचा म्हटलं की निर्मात्याची नजर आधी टाइमलाइनवरच्या आकड्यांकडे जाते. "हे मघाशी झालंय ना?" तक्रार रास्त असते. आम्हा संकलकांची हयात पुनरुक्ती छाटण्यातच जाते. तरीही नव्यानं एडिटिंगला बसलेल्या मुलांना मी रॉब रायनर यांचा २०१० चा 'फ्लिप्ड' आवर्जून बघायला लावतो.

गोष्ट छोटीशीच. समोरासमोरची दोन घरं. दुसरीतल्या ज्युलीला समोर राहायला आलेला ब्राइस बघताक्षणी आवडतो, आणि तो तिला टाळत राहतो. आठवीपर्यंत पारडं फिरतं. त्याचा जीव तिच्यात अडकतो, तेव्हा तिचं मन उडायला लागलेलं असतं. वेंडेलिन व्हॅन ड्रानन यांची मूळ कादंबरी २००१ ची. रायनर यांनी ती मागे, साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेत नेली. मग जुन्या गाड्या, फ्रॉक, तेव्हाची गाणी ओघानंच आली. लोकांना हुरहूर लागते ती त्यानं, असं म्हणतात. मला नाही पटत. जुनी गाडी भाड्यानं मिळते. हुरहूर लागते ती तेव्हा न कळलेलं आता उशिरा कळतं म्हणून, आणि तो उशीर एडिट टेबलावरच घडवावा लागतो.

अंड्यांचा प्रसंग घ्या. ज्युली आपल्या कोंबड्यांची अंडी ब्राइसच्या घरी आणून देते. घरच्यांना त्या अंड्यांची धास्ती आणि 'नको' म्हणायची याची हिंमत नाही, म्हणून हा ती गुपचूप कचऱ्यात टाकतो. एक दिवस दारातच पकडला जातो. त्याच्या बाजूनं हा निव्वळ फजितीचा प्रसंग, आपण हसतोही. मग निवेदन ज्युलीकडे जातं. शेजारच्या बायका याच अंड्यांचे पैसे मोजत होत्या आणि हिनं ब्राइसला ती फुकट दिली, हे कळतं. दार तेच, अंडी तीच. आता मात्र हसू येत नाही. दुसऱ्या फेरीत नवी घटना लागत नाही, पहिल्या फेरीत दाबून ठेवलेली एक गोष्ट पुरते. ती नेमकी कुठली दाबायची, यातच सगळी मेहनत.

सिकॅमोरच्या झाडाचंही तसंच. ब्राइसच्या कथनात ज्युली झाडावर चढून बसते आणि बस कुठवर आली ते ओरडून सांगते. त्याला लाज वाटते. तिच्या कथनात आपण तिच्यासोबत वर जातो आणि तिथून काय दिसतं ते कळतं. झाड तोडायला माणसं येतात तेव्हा ती सगळ्यांना वर बोलावते, हा बसमध्ये चढतो. संकलक रॉबर्ट लेटन हे रायनर यांच्या 'धिस इज स्पायनल टॅप'पासूनचे जोडीदार. आधी खालून, मग वरून, हा क्रम उलटा लावून बघा: ब्राइस खलनायक होऊन बसेल.

सुजय डहाके यांच्या 'शाळा'त नेमकी दुसरी वाट आहे. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीसारखाच तो चित्रपट मुकुंदाच्या नजरेतून चालतो; आणीबाणीही त्याला जेवढी कळते तेवढीच आपल्याला. त्याला आवडणाऱ्या शिरोडकरला काय वाटलं याची दुसरी फेरी नाही. मला एकदा एकानं विचारलं होतं, तिची बाजू घातली असती तर? घातली असती तर मुकुंदाचं झुरणं निम्मं झालं असतं. शेजारी राहणाऱ्यांच्या गोष्टीला दोन बाजू शोभतात, कारण दोघं रोज एकमेकांना बघतात आणि तरी चुकीचंच बघतात. वर्गातल्या मुलीकडे चोरून बघणाऱ्या मुलाला एकच बाजू असते.

'फ्लिप्ड'बद्दल माझी एक कुरकुर आहेच. निवेदन फार. चेहऱ्यावर स्वच्छ दिसतंय तेही आवाज सांगत बसतो. दोन आवाज हाच चित्रपटाचा साचा आहे, त्यामुळे सगळं काढता येणार नाही, हे मान्य. पण अंड्यांच्या त्या दाराशी मी दोघांनाही गप्प केलं असतं. मॅडेलिन कॅरल ज्युली झाली आहे. तिच्यावर शॉट दोन सेकंद जास्त धरला असता तर वाक्याची गरज नव्हती.