स्वावलंबनाचा रकाना

सरकारी नोकरीत मी जे असंख्य तक्ते भरले, त्यांपैकी एकाच तक्त्याची कार्बन प्रत आजही माझ्या कपाटात आहे. ती १९८८ सालची. सोनगढ तालुका त्या वेळी सुरत जिल्ह्यातच होता. तापी जिल्हा वेगळा झाला तो २००७ मध्ये. त्या तालुक्यातल्या एका आदिवासी ख्रिस्ती वस्तीत एका धर्मादाय संस्थेने अकरा विधवा व निराधार स्त्रियांना शिवणयंत्रे दिली होती. खर्चात सरकारी अनुदानाचाही काही वाटा असल्यामुळे वर्षभराने तपासणीचे काम माझ्याकडे आले. तक्ता अर्थातच गुजरातीत होता आणि त्याच्या शेवटच्या रकान्यात प्रश्न होता : लाभार्थी स्वावलंबी झाला काय? मी अकरा वेळा ‘होय’ लिहिले. त्यांपैकी चार घरे नाल्यापलीकडे होती आणि पाऊस लागला होता. तिकडे मी गेलोच नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्या वस्तीत जाणे झाले. या खेपेस नालाही ओलांडला. पलीकडच्या पहिल्याच घरातील बाईने पाणी दिले. यंत्राची चौकशी केली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “विकलं, साहेब. यंत्र चांगलं होतं. पण इथे शिवायला कापड कोण आणणार?” वस्तीत लुगडी नेसणाऱ्या बायका, वर्षाकाठी दोन कपडे घेणारे पुरुष, आणि घराघरात मिळून अकरा यंत्रे! हे गणित देणाऱ्याने केले नव्हते, तपासणाऱ्यानेही केले नव्हते. तरीही दानाची वस्तू विकल्याबद्दल मी तिलाच चार शब्द सुनावले. तिच्या सासरचे लोक ख्रिस्ती नव्हते, नवऱ्यामागे जमिनीचा वाटा तोंडीच राहिला होता, हे सारे तिने त्यानंतर सांगितले. मी वहीत काहीच लिहून घेतले नाही.

दिलेल्या मदतीची मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न आपल्या भाषेतील एका स्त्रीने शंभर वर्षांपूर्वी माझ्यापेक्षा कितीतरी नीट विचारला होता, हे मला फार उशिरा कळले. पंडिता रमाबाईंविषयी आमच्या घरात चांगले बोलले जात नसे. आजीचे माहेर दौंडचे. लहानपणी आईबरोबर पुण्याला जाताना केडगाव स्टेशन आले की आई गाडीच्या खिडकीची फळी लावून घेई, असे ती सांगत असे. का, ते मात्र ती सांगत नसे.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेतील सहानुभूतिदारांनी बोस्टन येथे असोसिएशन स्थापून त्यांच्या शाळेस दहा वर्षे पैसा पुरवण्याचे मान्य केले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. ते १८९० मध्ये पुण्यात गेले. तेथे १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून जो गहजब झाला, तो वाचकांस ठाऊक असेल. रानडे व भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडले. त्या वादात सारी चूक एकाच बाजूची होती असे मला वाटत नाही. तथापि त्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. दहा वर्षांची मुदत कधीतरी संपणार, हे ध्यानात घेऊन रमाबाईंनी केडगावला जमीन विकत घेतली होती आणि फळझाडे लावली होती. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा त्यांचा बेत होता. मदत चालू असतानाच मदतीनंतरची तजवीज करणारा संस्थाचालक मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत फार क्वचित पाहिला.

झाडे हाती येण्याआधीच दुष्काळ आला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील व बहीण त्यांनी तरुणपणी अशाच दुष्काळात गमावली होती, त्यामुळे भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होते. त्यानंतर विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा आपल्या गुजरातेतील ‘छप्पनियो’. त्याचे नाव काढले की आमच्या जुन्या सुरती शेजारीणबाई अजूनही जमिनीला हात लावून नमस्कार करीत. त्या वेळीही रमाबाईंच्या माणसांनी गुजरातेतून शेकडो मुली केडगावी नेल्या. उत्तर गुजरातेतून मुंबईकडे जाणारी गाडी सुरतेवरूनच जाते. आपल्या पूर्वजांपैकी कुणी त्या फलाटावर उभे असेल का, असा विचार स्टेशनवर गेलो की मनात येतो.

१९०० च्या सुमारास ‘मुक्ती’त दीड हजारांहून अधिक जीव होते. एवढ्या तोंडांना बाग कशी पुरणार? म्हणून शेती, दूधदुभते, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे एकामागून एक उद्योग निघाले. मुलींनी खिळे जुळवले, मुद्रिते तपासली; रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. हे हौसेचे शिक्षण नव्हते. धर्म बदललेल्या माणसाला जातीचा आधार उरत नसे. लग्न जुळवणारे नातेवाईक नाहीत, एकत्र कुटुंबातला कोपरा नाही, गावातला बलुत्याचा हक्क वादात. दुष्काळातून वाचलेल्या मुलीला तर मुळात घरच नव्हते. अशा माणसाला हातचे काम नसेल तर मिशनच्या दारात जन्मभर बसणे एवढीच वाट उरते; आणि तसे बसलेल्यांना समाज ‘पोटासाठी बाटलेले’ म्हणायला मोकळा असतो. हा शब्द मीही वापरलेला आहे.

‘मुक्ती’ संस्था म्हणून पूर्ण स्वावलंबी झाली काय? नाही. बाहेरच्या देणग्या पुढेही लागतच राहिल्या. माझ्या तक्त्यात तिच्यापुढे ‘नाही’ असेच लिहावे लागले असते. पण तेथे काम शिकून बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

दुसरी रीत वसईची. मुंबईस जाता-येता आपण वसई रोड ओलांडतो, तेव्हा केळी आणि पानवेलींच्या वाड्या करणाऱ्या तिथल्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक शेतकऱ्यांची आठवण फारशी होत नाही. १९१८ साली मोन्सिन्योर मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने त्यांनी एक सहकारी पतपेढी काढली. तिचीच पुढे बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. इथे दाता कुणी परका नव्हता. शेजाऱ्याची ठेव शेजाऱ्याला कर्जाऊ मिळत होती, आणि शेजाऱ्याचे कर्ज बुडवताना माणूस दहा वेळा विचार करतो. मात्र ज्यांच्याकडे वाडी आहे त्यांनाच ही रीत साधते, हेही खरे. नाल्यापलीकडच्या त्या बाईकडे ठेव ठेवायला काय होते?

तिच्याकडे यंत्र होते, आणि तिने ते विकले. २००३ मध्ये व्याऱ्याच्या एका दवाखान्यात मला तापामुळे चार दिवस राहावे लागले. तिसऱ्या दिवशी परिचारिकेने केसपेपरवरचे नाव वाचून विचारले, “तुम्ही यंत्रांची तपासणी करायला आला होतात ना?” ती त्या बाईची मुलगी होती. परिचारिकेच्या शिक्षणाची पहिल्या वर्षाची फी त्या यंत्राच्या पैशातून भरली होती, हे तिने नाडी बघता बघता सांगितले. आई तिच्याजवळच राहत होती. मी रागावलो होतो, हेही तिला ठाऊक होते. पण ते तिने काढले नाही.

घरी आल्यावर कार्बन प्रत काढली. त्या बाईचे नाव सातवे आहे. उरलेल्या दहा जणींविषयी त्या मुलीला विचारावे, हे मला दवाखान्यात सुचले नाही.