खांब फुटण्याआधी

२०२५ चा श्रावण सुरू झाला त्याच दिवशी, २५ जुलैला, ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनपट थिएटरात लागला. पंधरा दिवसांत धाराशिवच्या आमच्या गल्लीत दुसरा विषयच राहिला नाही. धाकटी जाऊ म्हणाली, “देवाचा सिनेमा आहे ताई, पोरांना दाखवायलाच पाहिजे.” शेजारच्या वहिनींनी मात्र सांगितलं, “आमचा छोटा रडायला लागला. अर्ध्यातून उठून यावं लागलं.” माझी मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. दोघंही मागे लागलेले.

आधी वाटलं, सर्टिफिकेट बघून ठरवावं. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर सेन्सॉर बोर्ड ‘यूए’ चित्रपटांना सात, तेरा आणि सोळा असे वयाचे टप्पे लावतं. पण तो आकडा पालकांसाठीचा सल्ला असतो, त्यावरून दारात कुणी लेकराला अडवत नाही. शिवाय एका वयाची सगळी मुलं कुठं सारखी असतात? पाच वर्षांची असतानाही माझी मुलगी वीज कडाडली की खिडकीशी धावायची. मुलगा माझा पदर धरतो. म्हणून आधी आपणच बघून यायचं ठरवलं आणि एका रविवारी एसटीनं सोलापूर गाठलं.

अश्विन कुमार दिग्दर्शित हा चित्रपट. आधी वराहावतार आणि हिरण्याक्षाचा वध, मग हिरण्यकशिपूचं तप, ब्रह्मदेवाचं वरदान आणि प्रल्हाद. पडद्याइतकंच माझं लक्ष भोवतालच्या मुलांकडे होतं. मला वाटलं होतं, मुलं घाबरतील ती नरसिंहाला. तसं झालं नाही. खांब तडकला आणि थिएटरातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या पुढच्या रांगेत चार-पाच वर्षांची एक मुलगी बसली होती. ती घाबरली होती त्याच्या कितीतरी आधी. बाप स्वतःच्या लेकराला मारायचे हुकूम सोडत होता, हत्ती, साप, कडा, आग. तेव्हा तिनं पडद्यावरून नजर काढली, शेजारी बसलेल्या आपल्या वडिलांकडे वळली आणि त्यांचा चेहरा बघत राहिली. वडील पडद्यात गुंतले होते. त्यांना ते कळलंच नाही.

परतीच्या बसमध्ये तुळजापूरचा घाट चढेपर्यंत ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. राक्षस परका असला की मूल बिनघोर असतं, पण तोच बाप निघाला तर त्याच्या पायाखालची जमीन सरकते. आवाजाचंही मनात होतंच. शेवटची लढाई लांबलचक आणि तिचे दणके खुर्चीपर्यंत पोचणारे. मोठ्या माणसाला ते रोमांचक वाटतं, पाच वर्षांच्या जिवाला ते अंगावर येतं.

पण दुसरी बाजूही होतीच. आम्ही या जिल्ह्यातली माणसं तान्ह्या बाळाला तुळजाभवानीच्या पायावर घालतो. ती अष्टभुजा, महिषासुरमर्दिनी. राक्षस तिच्या पायाशीच आहे. गोंधळी रात्रभर संबळाच्या तालावर देवीच्या युद्धकथा सांगतात आणि लेकरं मांडीवर ऐकत असतात. मग आताच मी एवढं का बिचकावं?

सासूबाई तेरच्या, गोरोबाकाकांच्या गावच्या. भजनात देहभान हरपून चिखल तुडवताना काकांच्या पायाखाली त्यांचंच लेकरू आलं, ही कथा आमच्या पोरांनी त्यांच्याच तोंडून ऐकलेली. रात्री भांडी आवरताना मी विचारलं, “आई, ती गोष्ट सांगताना पोरं घाबरतील असं नाही वाटत तुम्हाला?”

“वाटतं की,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर तोंडाकडं बघत सांगते. डोळे मोठाले झाले की चिखल आवरते अन् पंढरीला जाते. कीर्तनात लेकरू रांगत परत आलं, एवढं सांगितल्याबिगर कुणाला झोपू देत नाही.”

माझं उत्तर त्यात होतं. गोष्ट तेवढीच भयंकर असते, पण आजी मुलाचा चेहरा बघते आणि वाट बदलते. पडद्याला समोर कोण बसलंय ते दिसत नाही. पडदा जे करू शकत नाही, ते शेजारच्या माणसानं करायला हवं.

मुलीला आम्ही थिएटरात नेलं. त्याआधी वरदानाची अट तिला कोड्यासारखी घातली: दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, जनावराकडून नाही. मग कसं? सगळ्या लढाईत तिचं लक्ष उंबरठ्याकडे होतं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, “प्रल्हादला बाबांचा राग नाही आला?” भागवतात प्रल्हाद नरसिंहाकडे वडिलांसाठी क्षमा मागतो, हे मी तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. पुढे तेरला त्रिविक्रमाच्या जुन्या विटांच्या मंदिरात गेलो, तेव्हा पाय उचललेली ती मूर्ती बघून आजी म्हणाली, “ह्यो बळीराजाकडं आलेला वामन. बळी म्हणजे तुझ्या प्रल्हादाचा नातू.” ती गोष्टही मग मंदिरातच ऐकून झाली.

मुलाला मात्र तेव्हा नेलं नाही. तो दोन दिवस रुसला. त्याला गोष्ट सांगायचं काम मी त्याच्या बाबांवर सोपवलं, मुद्दामच. रोज रात्री ते हिरण्यकशिपू होऊन ओरडायचे आणि शेवटी नरसिंह होऊन त्यालाच मांडीवर घ्यायचे. तिसऱ्या रात्री त्यानं विचारलं, “तुम्ही खरंच चिडलात तर?” बाबांनी त्याला जवळ ओढलं. “चिडलो तरी मी तुझाच बाबा आहे.” हा प्रश्न त्याला अंधाऱ्या थिएटरात पडला असता, तर तिथं तो कुणाला विचारणार होता?

सप्टेंबरात चित्रपट घरच्या पडद्यावर आला. आम्ही तो दिवसाउजेडी, आवाज लहान करून, तीन दिवसांत बघितला. रिमोट मुलाच्या हातात दिला होता. कड्याच्या प्रसंगाला त्यानं चित्र थांबवलं, उठून बाबांच्या मांडीवर जाऊन बसला आणि मग पुन्हा सुरू केलं. आम्ही कुणी काही बोललो नाही.

खांबाचा प्रसंग आला. त्यानं एकदा बाबांच्या तोंडाकडे बघितलं आणि आपल्या हातानं आवाज वाढवला.