आपण आणि आम्ही

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची चर्चा बहुधा दोन टोकांमध्ये फिरत राहते. एका टोकाला प्रदेश असतो, दुसऱ्या टोकाला प्रवासी. लेखकाने प्रदेश किती दाखवला आणि स्वतःला किती दाखवले, यावर आपण उत्तरपत्रिकांतून गुण देत असतो. प्रवाशाचा तंबू, तांदूळ आणि गॅसची टाकी पाठीवर घेऊन पुढे निघून जाणारा माणूस मात्र या चर्चेत सहसा येत नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही पेरू देशातील इंका वाटेवर चार दिवस चाललो. परत आल्यापासून आमच्या बोलण्यात माचू पिच्चूपेक्षा तो माणूसच अधिक येतो.

आम्ही म्हणजे दोघे, नवरा-बायको. दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे. गिर्यारोहण हा आमचा प्रांत नव्हे. एवढे पैसे खर्चून इतक्या लांब जायचे तर निदान युरोप तरी बघा, असे नातेवाइकांचे म्हणणे होते. त्यांना नेरुदा आणि आर्गेदास सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून आम्ही हवापालटाचे कारण दिले. साडेतीन हजार मीटरांवर हवापालट म्हणजे काय ते पुढे कळलेच.

थोडी माहिती देणे आवश्यक आहे. कुस्को ही इंकांची राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. तेथून रेल्वेमार्गाच्या ८२ व्या किलोमीटरपाशी जावे लागते. तेथे उरुबाम्बा नदीवरचा पूल ओलांडला की वाट सुरू होते आणि सुमारे ४३ किलोमीटरांनंतर माचू पिच्चूच्या अवशेषांपाशी संपते. इंकांनी बांधलेल्या वा जोडलेल्या रस्त्यांचे जाळे आजच्या सहा देशांत पसरले असून ते सुमारे तीस हजार किलोमीटरांचे मानले जाते. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आपली वाट हा त्या जाळ्यातला एक अगदी छोटा धागा. येथे एकट्याने चालता येत नाही, परवानाधारक मार्गदर्शक घ्यावाच लागतो. दिवसाला पाचशेच माणसांना प्रवेश असतो आणि या पाचशेंत मार्गदर्शक व पोर्टरही मोजले जातात. दर फेब्रुवारीत, ऐन पावसाळ्यात, वाट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात.

पहिल्या नाक्यावर आमची पारपत्रे तपासली गेली आणि पोर्टरांची ओझी तोलली गेली. एका पोर्टरने वीस किलोंपेक्षा अधिक वाहू नये, असा नियम २००१ च्या कायद्याने आला. त्यापूर्वी याहून कितीतरी जास्त लादले जाई. आमच्या गटात आठ प्रवासी होते आणि आमच्यासाठी आचारी धरून अकरा माणसे. बहुतेक ओल्यान्तायतांबोच्या वरच्या डोंगरांतले शेतकरी, बटाटा आणि मका पिकवणारे. काहींच्या पायांत जुन्या टायरांच्या चपला होत्या. तराजूच्या काट्याकडे बघत ते रांगेत उभे होते आणि आम्ही आमच्या हलक्या पिशव्या सावरत शेजारी उभे होतो. त्या वेळी कोणीच कोणाकडे पाहिले नाही.

दिवसाचा क्रम असा की, आम्ही न्याहारी करून निघायचे. ते मागे राहून तंबू उतरवणार, भांडी घासणार, सगळे बांधून पाठीवर घेणार. तासाभरात मागून पावले वाजत, मार्गदर्शक ओरडून वाट द्यायला सांगे आणि आम्ही डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभे राहिलो की ते धावल्यासारखे पुढे निघून जात. आम्ही मुक्कामावर पोहोचेपर्यंत तंबू उभे असत, आत गरम पाणी ठेवलेले असे. चार दिवसांत त्यांना आम्ही मुख्यतः पाठमोरेच पाहिले.

दुसऱ्या दिवशीची खिंड ४२१५ मीटरांवर आहे. तिचे केचुआ नाव वार्मिवान्युस्का, म्हणजे ‘मेलेली बाई’. खालून पाहिले तर डोंगराची कड आडव्या पडलेल्या स्त्रीसारखी दिसते म्हणून हे नाव, असे सांगतात. हवेचा दाब तेथे समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो. दहा पावले चालायचे आणि थांबायचे, असे आमचे चालले होते. शेवटच्या तासात तर दहाची पाच झाली. खिंडीच्या थोडे खाली आमच्यापैकी एकीला भोवळ आली, ओठ निळसर दिसू लागले. मार्गदर्शकाने बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजला, पाण्याचे घोट घ्यायला लावले आणि शांतपणे सांगितले की अर्ध्या तासात आकडा सुधारला नाही तर एक पोर्टर बरोबर देऊन तिला खाली न्यावे लागेल. ‘एक खाली गेला तर दुसराही जाईल’, हे आम्ही न बोलता ठरवले होते. त्या अर्ध्या तासात एक वयस्क पोर्टर ओझे खडकाला टेकवून आमच्याजवळ बसून राहिले. वय पन्नाशीच्या पुढचे असावे. त्यांनी कोकाची तीन पाने पंख्यासारखी धरली, डोंगरांच्या दिशेने त्यांवर फुंकर घातली आणि पाने एका दगडाखाली ठेवली. मग स्वतःच्या पिशवीतली मूठभर पाने आमच्या हातात दिली. बोलणे काहीच झाले नाही. त्यांना स्पॅनिश थोडी येत होती, आम्हांला तेवढीही नाही. आकडा सुधारला. ते उठले, ओझे घेतले आणि पुन्हा पाठमोरे झाले.

त्या संध्याकाळी पाकायमायोच्या मुक्कामावर, जेवणाच्या तंबूत, मार्गदर्शक हौशी प्रवाशांना केचुआचे चार शब्द शिकवत होता. त्याची मातृभाषा केचुआच. तो म्हणाला, आमच्या भाषेत ‘वुई’ला दोन शब्द आहेत. नोकांचिस म्हणजे तुम्हांला धरून आम्ही, नोकायकु म्हणजे तुम्हांला वगळून आम्ही. हे समजावायला दर वेळी दोन-तीन उदाहरणे द्यावी लागतात, असेही तो म्हणाला. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसलो. आम्हांला उदाहरणाची गरज नव्हती. आपण आणि आम्ही!

येथे अध्यापकाची खोड म्हणून थोडे विषयांतर. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही. गुजरातीत आहे, द्राविड भाषांत आहे, आणि मराठीत तो दक्षिणेच्या शेजारातून आला असावा असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. युरोपीय अभ्यासकाने या भेदाचे केलेले पहिले छापील वर्णन दोमिंगो दे सान्तो तोमास या धर्मोपदेशकाचे. १५६० मध्ये वायादोलिद येथे छापलेले त्याचे पुस्तक हे केचुआचेच पहिले व्याकरण. म्हणजे ज्या सर्वनामांवरून आम्ही तंबूत हसलो, त्यांनीच स्पॅनिश व्याकरणकाराला कोड्यात टाकले असणार. आम्ही मार्गदर्शकाला मराठीतले दोन्ही शब्द सांगितले. त्याने ते वहीत लिहून घेतले आणि विचारले, तुमची भाषा किती लोक बोलतात? आठ कोटींहून अधिक, हे उत्तर ऐकून तो काही वेळ गप्प बसला. पेरूच्या २०१७ च्या जनगणनेत केचुआ मातृभाषा सांगणारे सुमारे ३८ लाख होते. मग तो म्हणाला, माझी मुलगी कुस्कोत शिकते, मी केचुआत विचारतो, ती स्पॅनिशमध्ये उत्तर देते.

केचुआला पेरूमध्ये १९७५ साली राजभाषेचा दर्जा मिळाला. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा मिळाला. आमच्या एम.ए.च्या वर्गात यंदा नऊ विद्यार्थी आहेत. त्याला आम्ही हा आकडा सांगितला नाही. आठ कोटींनंतर तो सांगणे अवघड होते.

तिसरा दिवस अवशेषांचा. रुंकुराकाय, सायाक्मार्का, फुयुपातामार्का. तीन बाजूंनी कडे असलेल्या सायाक्मार्काला एका अरुंद जिन्यानेच चढता येते. फुयुपातामार्का म्हणजे ढगांवरचे गाव. नावे ऐकून वाटते की ती इंकांइतकीच जुनी असावीत. परंतु सायाक्मार्का आणि फुयुपातामार्का ही नावे ठेवणारा पॉल फेयोश हा हंगेरीत जन्मलेला, चित्रपट सोडून मानववंशशास्त्राकडे वळलेला गृहस्थ होता. १९४० च्या सुमारास त्याची मोहीम येथे आली. ज्यांनी ही ठाणी बांधली ते त्यांना काय म्हणत, हे लिहून ठेवलेले नाही, कारण इंकांपाशी आपण ज्याला लिपी म्हणतो ती नव्हती. त्यांच्यापाशी किपू होते, म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्यांचे झुबके. या गाठी दशमान पद्धतीने आकडे सांगतात, हे लेलँड लॉकने १९१२ मध्ये दाखवले. काही दोऱ्यांत आकड्यांपलीकडचे, कदाचित कथनही असावे, असा वाद आजही चालू आहे. मौखिक परंपरेवर आपण संतसाहित्याच्या तासाला इतके बोलतो, परंतु दोरी हे ग्रंथाचे माध्यम असू शकते ही कल्पना पचवायला आम्हांला वेळ लागला. कुस्कोच्या मातीत वाढलेला पहिला मोठा लेखक इंका गार्सिलासो, इंका राजकुळातली आई आणि स्पॅनिश कप्तान बाप यांचा मुलगा, स्पेनमध्ये बसून स्पॅनिशमध्ये लिहीत होता. तो १६१६ मध्ये वारला. त्याच वर्षी इकडे गोव्यात क्रिस्तपुराण छापले गेले. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. तरी आम्ही तो त्या रात्री वहीत टिपून ठेवला.

त्या दुपारी मुसळधार पाऊस आला. निसरड्या दगडी पायऱ्या उतरताना आमची दैना झाली. त्याबद्दल लिहिण्यासारखे इतकेच की, पायऱ्या पाचशे वर्षांपूर्वीच्या होत्या आणि पाणी त्यांच्या कडेने नेमके वाहून जात होते.

शेवटचा मुक्काम विन्याय वाय्नाजवळ. येथे निरोपाचा कार्यक्रम होतो, कारण पोर्टर माचू पिच्चूला येत नाहीत. पहाटेची स्वस्त गाडी पकडायला ते येथूनच खाली रेल्वेकडे उतरतात. प्रवाशांना साडेतीनला उठवतात ते सूर्योदयासाठी असे सगळ्यांना वाटते. खरे कारण ही गाडी असते. अकरा जण अर्धवर्तुळात उभे राहिले, प्रत्येकाने नाव, गाव आणि मुलांची संख्या सांगितली. खिंडीखाली आमच्याजवळ बसलेल्या त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी सर्वांच्या वतीने भाषण केले, केचुआत. मार्गदर्शक वाक्यावाक्याला इंग्रजी करीत होता. आम्ही तुमचे सामान आणले. आम्ही तुमच्यासाठी स्वयंपाक केला. आम्ही आता घरी जाऊ, बटाटे काढायचे आहेत. इंग्रजीत सगळीकडे एकच ‘वुई’ होता, परंतु कान आता सावध झाले होते. वाक्याच्या शेवटाकडे ‘यकु’ येत होते, पुन्हापुन्हा. आम्हांला वगळून. भाषण संपल्यावर आम्ही मार्गदर्शकाला विचारून खात्री करून घेतली. तो म्हणाला, हो, सगळीकडे नोकायकुच. मग जरा आठवून म्हणाला, एकदाच नोकांचिस आले. काल पाऊस ‘आपल्यावर’ पडला, असे ते म्हणाले.

यात तक्रार नव्हती, दुरावाही नव्हता. भाषेने जे अचूक होते ते म्हटले. गटातल्या एका उत्साही प्रवाशाने उत्तरादाखल ‘वुई आर वन फॅमिली’ असे काहीसे भाषण केले. त्याचे भाषांतर करताना मार्गदर्शकाने कोणते सर्वनाम वापरले, हे ऐकायला आम्ही कान टवकारले. त्याने ते वाक्य गाळले.

पहाटे अंधारात नाक्यावर रांगेत उभे राहून, उजाडता उजाडता इंतीपुंकू या सूर्यद्वारातून आम्ही माचू पिच्चू पाहिले. ढग होते, मग नव्हते. त्या दृश्याचे वर्णन इतक्यांनी केले आहे की आम्ही ते करीत नाही. पाचाकुती या सम्राटाची ही जागा, १४२० च्या सुमारास येथे वस्ती होती असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्बन-मापनातून दिसते. चुन्याशिवाय बसवलेले दगड पाहून हेमाडपंती देवळे आठवली, पण त्या दगडांचे सांधे पाहताना तुलना सुचत असूनही पुढे नेता आली नाही.

नेरुदा येथे १९४३ मध्ये आला, १९४५ मध्ये त्याने बारा खंडांची ती दीर्घ कविता लिहिली. दगडांकडून ती दगड वाहणाऱ्यांकडे वळते आणि अखेरीस कवी त्या मृतांच्या वतीने बोलू पाहतो. भाषांतरातून वाचलेली ती कविता आम्हांला आजही मोठी वाटते. मात्र ते ‘वतीने’ आता थोडे खटकते. त्यापेक्षा नोकरांच्या घरात केचुआ बोलत वाढलेल्या आर्गेदासची १९५८ ची कादंबरी जवळची वाटू लागली आहे. तिच्या आरंभी एक मुलगा कुस्कोतल्या इंका भिंतीला हात लावतो. तो कोणाच्याही वतीने बोलत नाही. आमच्या तुलनात्मक साहित्याच्या तासाला दोन्ही एकत्र लावून पाहायचा विचार आहे.

तीन खिडक्यांच्या मंदिरापाशी मार्गदर्शक थांबला. हायरम बिंगम येथे २४ जुलै १९११ रोजी आला, हे सर्व मार्गदर्शक सांगतात. त्याला वर आणणारा स्थानिक शेतकरी एका सोलवर आला होता, वर आधीच कुटुंबे शेती करीत होती, आणि अवशेषांतून त्याला फिरवणारा एक लहान मुलगा होता, हे आमच्या मार्गदर्शकाने आवर्जून सांगितले. बिंगमला या भिंतीवर कोळशाने लिहिलेले एक नाव दिसले होते, अगुस्तीन लिसारागा, १९०२. आपल्या वहीत त्याने ते टिपले. लिसारागा १९१२ मध्ये उरुबाम्बा नदीत बुडून गेला. कोळशाची अक्षरे पुसली गेली आहेत.

गटातल्या कोणीतरी विचारले, नेमके कुठे होते ते नाव? मार्गदर्शकाने भिंतीकडे हात केला, मग घड्याळ पाहिले. सव्वानऊ वाजले होते. तो आमच्याकडे वळून हळूच म्हणाला, मंडळी एव्हाना ओल्यान्तायतांबोला उतरली असतील.