मडगार्डची कड

जुन्या गाडीचा पत्रा आणि रंग एकाच वयाचे असले, तरी सारखे म्हातारे होत नाहीत. पत्रा चाळीस वर्षांनीही वाकतो, मागे डॉलीचा लोखंडी ठोकळा धरून ठोकला तर जागेवर येतो. रंग मात्र वर्षागणिक कडक होत जातो. टिंकरकामात पत्र्याचं बिघडलेलं निस्तरता येतं. कंपनीचा रंग एकदा तडकला की गेलाच. हुबेहूब शेड जुळवणारे पेंटर आहेत, पण जाणकार माणूस दाराच्या फटीत बोट फिरवून ते ओळखतो.

माझ्या गॅरेजमध्ये जास्त येते ती पद्मिनी. मूळची इटालियन फियाट 1100, घडली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात. हिला वेगळी चेसिस नाही. पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस. त्यामुळे ‘इथला जरा पत्रा उडवा’ म्हणणाऱ्या मालकाला मी आधी गाडीखाली घेऊन जातो. मालकांना हौस असते रुंद रेडियल टायरची. मग मागे तिघं बसले, पाटे दबले, की टायर मडगार्डच्या आत वळलेल्या कडेला घासू लागतो. ती कड वरच्या बाजूला दाबायची, इतकंच काम. पण वाक बसतो तिथे रंग ताणला जातो, आणि ताण त्याला सोसत नाही.

म्हणून आधी रंगाची चौकशी. डिकीच्या आतल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा लावतो. बोळ्याला रंग आला तर एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. भट्टीतलं इनॅमल किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असेल तर बोळा कोरा राहतो. मग कापडात गुंडाळलेलं चुंबक कडेवरून फिरवतो. पकड ढिली पडली तिथे पुट्टी आहे, आणि पुट्टी तडकणारच. हे मालकाला हातोडी उचलण्याआधी सांगायचं असतं. नंतर सांगितलं की ती सबब ठरते.

चाक काढायचं, कडेत साचलेला चिखल आणि डांबरी थर खरवडायचा. हबला नायलॉनच्या चाकाचा रोलर बसवायचा. मग हीट गन, वीतभर लांबून आणि सतत हलती. पत्रा साठ अंशांच्या आसपास आला पाहिजे. तळहात टेकवला की लगेच उचलावासा वाटतो, तेवढा. त्याखाली रंग ताठ असतो, फार वर गेलात तर फोड येतात. गरम असतानाच रोलर कमानीवरून मागेपुढे न्यायचा, दर फेरीत स्क्रू जेमतेम पाव आटा. पुन्हा ऊब, पुन्हा फेरी. दुसऱ्या हातातली बॅटरी तिरकी धरून चकाकी बघत राहायचं. रंग फाटण्याआधी वाकाच्या रेषेवर केसाएवढी मंद झाक येते. ती दिसली की थांबायचं, मालक शेजारी उभा राहून ‘अजून थोडं’ म्हणत असला तरी.

कड पूर्ण चपटी करणं मला पटत नाही. तिथे बाहेरचा आणि आतला पत्रा स्पॉट वेल्डने जोडलेला असतो. फार दाबलं की जोड उघडतो, पाणी शिरतं आणि दोन पावसाळ्यांत गंज बाहेर डोकावतो. टायरला वाट मिळेल इतकंच वाकवायचं, सांध्यात सीलंट, आत मेण.

ग्राइंडरला या कामात जागा नाही. त्याच्या ठिणग्या म्हणजे तापलेलं लोखंड. रंगात, काचेतसुद्धा रुततात आणि पहिल्या पावसात बॉनेटवर नारिंगी ठिपके उमटतात. टोक घासायचंच असेल तर कानस. तीही रंगाकडून उघड्या पत्र्याकडे ढकलायची, म्हणजे रंग पत्र्यावर दाबला जातो. उलटी चालवली की कडेचे टवके उडतात. आरशासाठी भोक पाडतानाही तेच पथ्य: कागदी टेप, बारीक ड्रिल, कमी वेग, निघालेला कीस लगेच चुंबकाने उचलायचा, भोकाच्या कडेला प्रायमर. टेप काढताना सरळ वर ओढायची नाही. मागे दुमडून, पत्र्याला लागून. सैल झालेला जुना रंग टेपबरोबर सालासारखा निघतो.

या कामाचे पैसे मागताना थोडी पंचाईत होते. दिवसभर खपून दिसण्यासारखं काही उरत नाही, आणि तसंच उरायला हवं असतं. दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर गॅरेजमधली तीन दांडगी पोरं बसवतो, डिकीत सिमेंटची गोणी टाकतो आणि गल्लीतल्या सर्वांत वाईट गतिरोधकावरून गाडी काढतो. घासल्याचा आवाज आला, तर पुन्हा हीट गन आणि आणखी पाव आटा.